चार कोळंब्यांचा हिशोब

मंडळी, उन्हाळ्यात दोन-चार शनिवारी मी मित्राच्या बोटीतून माहीमाही धरायला जातो, हे तुम्हाला माहीत आहेच. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर, गल्फ स्ट्रीमच्या निळ्या पाण्यात सरगॅसम शेवाळाचे पट्टे तरंगत असतात, त्यांच्या सावलीत हा हिरवा-सोनेरी मासा फिरतो. इथे त्याला 'डॉल्फिन' म्हणतात. (आई, घाबरू नकोस. तो डॉल्फिन वेगळा, हा साधा मासाच!)

माझं ठाम मत आहे की ही मासेमारी आदल्या रात्री ओट्यावर सुरू होते.

पहिल्या वर्षी मी चार डझन बॅलिहू नुसते बर्फावर ओतून नेले होते. चोचीसारखा लांब जबडा असलेला हा छोटा मासा म्हणजे आमचं आमिष. दुपारपर्यंत बर्फाच्या पाण्यात त्यांचा लगदा झाला. नेमका तेव्हाच एका तरंगत्या फळीखाली थवा दिसला. मी आपला गुंतलेल्या दोऱ्या सोडवत बसलो आणि थवा गेला! त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट वाटलं उरलेलं आमिष समुद्रात फेकताना. बाबा खाडीवर गरवायला जायचे तेव्हा चार कोळंब्या मोजून न्यायचे आणि उरली तर एखादी परत आणायचे.

आता रात्री मी एकेका बॅलिहूचं पोट अंगठ्याने दाबून रिकामं करतो, पाठ हलकेच वाकवून सैल करतो, म्हणजे तो पाण्यात गरगरत नाही. गरी घालून चोचीला तांब्याची तार गुंडाळतो. मग जाडं मीठ, थोडा खायचा सोडा आणि बर्फ. मिठाने मांस घट्ट राहतं. एकेक दोरी वेगळी गुंडाळून, थर लावून, सगळं डब्यात. थव्यासाठी स्क्विडचे तुकडे निराळे.

आणि हो, सगळं मोजून! मे 2022 पासून अटलांटिकच्या बाजूला, राज्याच्या हद्दीत माणशी 10 ऐवजी 5 च मासे ठेवता येतात. त्याबाहेर मर्यादा जास्त आहे, पण आम्ही दोघं सगळीकडे पाचच धरतो. मग दहा माशांसाठी चार डझन जीव कशाला? दीड डझन पुरे.

मित्र म्हणतो, "कमी पडलं तर?"

पडतं कधीकधी. गेल्या खेपेला अकरा वाजताच आमिष संपलं आणि चारच मासे घेऊन परतलो. तो वाटेत गप्प होता. मला मात्र डबा धुताना बरं वाटलं. फेकायला त्यात काही उरलं नव्हतं.

आमिषही मासाच असतो हो. आपण खात नाही, एवढंच.