घर आणि विज्ञान : दूरचा हात

२०२० सालच्या १२ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, लखनौसह उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत एक विलक्षण प्रकार घडला. तारा तुटल्या नव्हत्या, रोहित्रे जळाली नव्हती; तरीही लाखाहून अधिक ग्राहकांची वीज एकाएकी गेली. ह्या सर्वांकडे स्मार्ट मीटर होते. वीज तोडण्याचा चुकीचा आदेश दूरच्या नियंत्रण-यंत्रणेतून त्यांना गेला होता.

असे मीटर मोबाईलच्या जाळ्याशी जोडलेले असतात. त्यामुळे कचेरीत बसून वाचन घेता येते, बिघाड कळतो आणि वीज तोडताही येते. ही सोय मोठीच आहे. परंतु चुकून गेलेला आदेश जर एवढे करू शकतो, तर दुष्ट हेतूने दिलेला आदेश काय करणार नाही?

ह्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील मरूची येथे २००० साली मिळाले. तेथील सांडपाण्याचे पंप बिनतारी संदेशांवर चालत. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीच्या एका माजी नोकराने मोटारीत रेडिओ व संगणक ठेवून पंपांना खोटे आदेश दिले. लक्षावधी लिटर मैला ओढ्यांत व उद्यानांत पसरला. त्याला कुलूप फोडावे लागले नाही; किल्ली कोठे असते, हे त्याला ठाऊक होते.

आता आपल्या घराकडे पाहू. छतावरील सौर विजेच्या इन्व्हर्टरला दुरुस्तीच्या सोयीसाठी वायफायचा जोड पुष्कळदा मागाहून दिला जातो. जोड नसताना यंत्राला हात लावावयाचा, तर घरात यावे लागे. दाराचे कुलूप हेच त्याचे कुलूप होते. बिनतारी जोड लागताच ते पुरेसे राहत नाही.

म्हणून जोड घेण्यापूर्वी कारागिराला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. दुरून केवळ आकडे दिसणार, की यंत्र बंदही करता येणार? कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलला काय? काम संपल्यावर जोड बंद करता येईल काय? आणि दुरून काही बिघडलेच, तर यंत्र हाताने चालविण्याची सोय आहे काय?

नुसत्या देखरेखीसाठी यंत्र चालविण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवावे; तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.