जुळी बाळे, पोटातले जिवाणू आणि ऊसतोडीचा हंगाम

एकाच आईची जुळी बाळे, घर आणि जेवणही एकच; तरी एक बाळसे धरते आणि दुसरे सुकत जाते. याचे कारण शोधण्यासाठी आफ्रिकेतील मलावी देशात जुळ्यांच्या ३१७ जोड्यांचा तीन वर्षांच्या वयापर्यंत अभ्यास झाला. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर कुपोषित बालकाच्या आतड्यातील जिवाणूंची जडणघडण वयाच्या मानाने मागे पडलेली होती. शेंगदाण्याचा उपचारात्मक आहार दिल्यावर ती सुधारली, पण आहार बंद होताच पुन्हा मागे गेली.

बीड जिल्ह्याने नेमके हेच लक्षात घ्यायला हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वरचे अन्न सुरू होण्याचा, म्हणजेच जिवाणूंची घडी बसण्याचा काळ अनेक बाळांचा कोपीत जातो. गावची अंगणवाडी मागे राहते आणि आहारात खंड पडतो. जुळी बाळे बहुधा कमी वजनाची जन्मतात, त्यांना हा खंड अधिक जड जातो.

ढाक्यातील २०२१ च्या चाचणीत हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी यांच्या मिश्रणाने कुपोषित बालकांचे वजन, जास्त उष्मांकाच्या प्रचलित पूरक आहारापेक्षा चांगले वाढले. हरभरा, सोयाबीन तर बीडच्या शिवारातच पिकतात. सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतर फडावरही न तुटणारा पूरक आहार, एवढे तरी प्रत्येक बाळाला मिळायला हवे. त्यासाठी अंगणवाडीची नोंद कुटुंबाबरोबर पुढच्या गावी पोहोचली पाहिजे.