‘अल्कोहोल’ या शब्दाचा अर्थ कोणता?



वकिली व्यवसायात शब्दाला फार मोल असते. एका शब्दाच्या अर्थावर एकाची सुटका होते आणि दुसऱ्यास शिक्षा. परंतु शब्दांचा अर्थ केवळ न्यायालयातच तपासावयाचा असतो, असे आपण समजू नये. ज्या शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे माणसे दगावतात, तो प्रत्येक घरात तपासला गेला पाहिजे. ‘अल्कोहोल’ हा असाच एक शब्द आहे.

तो मूळचा अरबी. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या सुरम्याची बारीक पूड. युरोपातील किमयागारांनी प्रथम कोणत्याही सूक्ष्म पुडीला व पुढे पदार्थाच्या अर्काला हे नाव दिले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने ते द्राक्षमद्याच्या अर्काला लावले आणि कालांतराने तोच अर्थ रूढ झाला. आज रसायनशास्त्रात मात्र ते एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. दारूत असते ते इथेनॉल. उसाच्या मळीपासून काढलेले तेच इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळतात. हात निर्जंतुक करण्यास इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ग्लिसरीन याच कुळातले, आणि अंगाला लावण्याच्या क्रीममधील सिटाइल अल्कोहोल तर मेणासारखे घट्ट असते. कारखान्यांत लागणारे मिथेनॉल हेही याच कुळातले. पण ते जहाल विष आहे.

आपल्या मराठीने या सर्वांना ‘मद्यार्क’ म्हणून गोंधळात भर घातली. मद्याचा अर्क तो मद्यार्क! मग साध्या माणसाची समजूत होते की, अल्कोहोल म्हणजे दारूच. फार तर थोडी कडक, थोडी स्वस्त. ही समजूत प्राणघातक आहे. मिथेनॉल दिसण्यात इथेनॉलसारखेच असते. परंतु शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, दृष्टी जाते आणि प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती कष्टकरी वस्तीतली होती. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जणांनी सॅनिटायझर पिऊन जीव गमावला. त्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, जानेवारी २०२१ मध्ये १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते. हा केवळ दैवाचा फेरा म्हणावयाचा काय?

कायद्यालाही या शब्दाने पेचात टाकले आहे. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने अल्कोहोल असलेले सारे द्रव ‘मद्य’ या व्याख्येत घेतले. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यापक व्याख्या मान्य केली. पण औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. औद्योगिक अल्कोहोल हे राज्याच्या अधिकारातील ‘मादक मद्य’ आहे काय, हा वाद तर ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते मादक मद्यच असल्याचे ठरवून पूर्वीचा निर्णय फिरविला. विद्वान न्यायमूर्तींमध्येही जेथे मतभेद झाला, तेथे अशिक्षित मजुराने बाटलीवरील इंग्रजी अक्षरांवरून काय ओळखावे?

आता कोणी विचारील, पंचशील घेतलेल्या माणसाने अल्कोहोल असलेले औषध घ्यावे काय? माझे मत स्पष्ट आहे. पाचव्या शीलाचा रोख ‘पमाद’ या शब्दावर आहे. पमाद म्हणजे भान सुटणे, बेसावधपणा. इंजेक्शनपूर्वी दंडावर फिरविलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने किंवा वैद्याने नेमून दिलेल्या चमचाभर औषधाने शील भंगत नाही. परंतु औषधाच्या नावाखाली आसवाच्या बाटल्या रिचविणे ही पळवाट आहे, आणि पळवाटेने कायदा चुकविता आला तरी शील चुकविता येत नाही.

म्हणून शासनाकडे आपण एक मागणी केली पाहिजे. ज्या बाटलीत न पिण्याचे अल्कोहोल आहे, तिच्यावर त्याचे नाव आणि ‘विष’ हा शब्द ठळक मराठीत असावा. मागणी मान्य होईपर्यंत घरातले काम आपले आहे. सॅनिटायझर व स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरू नका. मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका. घरातील शिकलेल्या मुलीने बाटलीवरचा मजकूर वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावा. आणि कोणी असे काही प्यालाच, तर लाजेपोटी वा पोलिसांच्या भीतीपोटी त्यास घरी झोपवून ठेवू नका. मिथेनॉलच्या विषबाधेवर उतारा आहे. तो वेळेवर मिळाला पाहिजे. पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितले आहे. तो रुग्णाचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नव्हे.

दारू सोडणे हे पहिले पाऊल होय. बाटलीवरचा शब्द वाचून, समजून मगच ती हाती घेणे हे दुसरे. भान राखावयाचे ते दोन्हीकडे.