बादलीभर गरम पाण्यासाठी

परवा लेक्चरला फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर शिकवला. खालून जोरात हवा सोडली की वाळू-राखेचा थर उकळत्या पाण्यासारखा खदखदतो. त्यात कोळसा ८००-९०० अंशांना जळतो, चुनखडी टाकली की गंधक धरून ठेवते. आपला राखाळ कोळसाही चालतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, एक हॉस्टेलला बसवू या, सकाळची रांग तरी संपेल!"

सगळे हसले. पण मित्रांनो, आपल्या गीझरची बरीचशी वीज कोळशाचीच आहे. उपनगरांना वीज देण्यासाठीच बी.एस.ई.एस.ने १९९५ साली डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र सुरू केलं. अशा केंद्रात जवळपास दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. उरलेल्या हिश्श्याची वीज करून आपण पुन्हा पाणीच तापवतो!

बॉयलरमध्ये ही नासाडी कमी. पण अंधेरीच्या दाटीत धुराडं आणि राखेचे ढीग कोण सहन करणार? शिवाय आंघोळीला ४० अंश पुरे. तेवढं गच्चीवरचं ऊन फुकट देतं. पावसाळ्यात गीझर आहेच. म्हणून माझं स्पष्ट मत: गॅदरिंगची रोषणाई थोडी कमी करा, पण यंदा गच्चीवर सोलर हीटर बसवाच. आणि तोवर आपणही दुसरी बादली भरताना डहाणू आठवू या.