शेवयांचा हिशेब चांदाच्या महिन्याने ठेवा

रमजान ईदच्या शीरखुर्म्यासाठी शेवया बनविणारे छोटे कारखाने आपल्या अनेक बांधवांच्या हाती आहेत. धंदा जुना, कारागीर हुशार, मालही चांगला. तरीही ईद उलटल्यावर काहींच्या गोदामात पेट्या पडून राहतात, तर काहींचा माल पंधराव्या रोज्यालाच संपतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाते. आमच्या मते याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. न खपलेले थान पुढच्या हंगामात जाते, नाहीतर कटपीस म्हणून निघते. मैद्याचे तसे नाही. दमट हवेत पोत्यात किडे होतात, जाळी धरते. तयार पाकिटावर उत्पादनाची व मुदतीची तारीख कायद्याने छापावी लागते. मुदत उलटलेला माल विकता येत नाही. म्हणून या धंद्यात अंदाजपंचे खरेदी फार महाग पडते.

मोठी चूक होते ती इंग्रजी महिन्यांची तुलना करण्यात. ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येते. 2024 साली ती 11 एप्रिलला होती, 2025 साली 31 मार्चला. एप्रिलची जुनी विक्री पाहून ज्याने पुढच्या एप्रिलसाठी मैदा भरला, त्याचे पैसे अडकलेच. वहीत इंग्रजी तारखेशेजारी रजब, शाबान, रमजान असा रकाना ठेवावा आणि शाबानची तुलना शाबानशीच करावी.

ईदबरोबर मोसमही बदलतो. 2015 साली ईद 18 जुलैला, भर पावसाळ्यात आली. अशा हवेत काठ्यांवर टाकलेल्या शेवया लवकर वाळत नाहीत आणि ओलसर माल बांधला तर बुरशी येते. 2030 साली ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल, म्हणजे काम डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत होईल. वाळवणाला किती वेळ लागला हे दरवर्षी लिहून ठेवावे. रोज किती मैदा मळायचा हे त्यावरून ठरते. काठ्या रिकाम्या नसताना जास्त मळून काय फायदा?

योजना उलटी मोजावी. दुकानदाराकडे माल शाबानअखेर पोहोचवायचा, तर पॅकिंग कधी, वाळवण कधी, छापील पिशव्यांची ऑर्डर कधी, असे मागे मागे जावे. मैदा आहे पण पिशव्या नाहीत म्हणून कारागीर बसून राहिले, तरी मजुरी चालूच राहते.

मैद्याचे गणित सोपे आहे. समजा रोज 4 पोती लागतात, ऑर्डरनंतर माल 5 दिवसांनी येतो आणि 2 दिवसांची शिल्लक हाताशी हवी. 4 गुणिले 7 म्हणजे 28. गोदामात 28 पोती उरली की ऑर्डर द्यावी. रमजानचे पहिले काही रोजे झाल्यावर मात्र हा नियम सोडून हातातल्या मागणीपुरताच मैदा घ्यावा. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख लिहावी, जुने आधी काढावे आणि आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः मोजणी करून वहीशी ताळा घ्यावा.

काही बुजुर्ग म्हणतात, मोजत बसले की बरकत जाते. आम्हाला हे पटत नाही. किडून फेकलेला मैदा कोणाचाच रिज्क होत नाही. एक वही आणि रोजची दहा मिनिटे एवढाच हा खर्च आहे. रजबचा चांद दिसण्याआधी कारखानदार बांधवांनी सुरुवात करावी, एवढीच विनंती.