सवलत नव्हे, सोय!

मंडळी, आजचं लिखाण जरा चिडून केलेलं आहे, आधीच सांगते. नातेवाइकांपैकी जे वाचतील त्यांनी राग मानू नये. मानलाच तर फोन करून भांडा, लग्नाच्या पंगतीत नको.

माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठल्या कॉलेजात ते लिहीत नाही, तिला तिथे अजून काही वर्षं काढायची आहेत. दोन्ही कानांना यंत्र. अभ्यासात कुठे कमी नाही. पण वॉर्डातलं पोस्टिंग सुरू झालं आणि तीन गोष्टी लागायला लागल्या: आवाज वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप वापरायची परवानगी, राउंडच्या वेळी शिकवणाऱ्यांचं तोंड दिसेल अशी जागा, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न मास्क उतरवून किंवा कागदावर लिहून. बस, एवढंच! तिने रीतसर अर्ज केला. उत्तर मिळालं, "अशा सवलती एकीला दिल्या तर सगळेच मागतील." आणि आपल्या मोताळ्यातून, घरच्यांकडून काय आलं? "कायले सांगतं पोरी? केस मोकळे सोड, म्हणजे मशीन दिसत नाही."

माझं पहिलं भांडण आहे ते या 'सवलत' शब्दाशी.

एसटीत दिव्यांगांना साध्या गाडीच्या तिकिटात ७५ टक्के सूट मिळते, ती सवलत. तिथे खरोखर पैसे कमी घेतले जातात. भाचीने काय कमी मागितलं? हृदयाचा आवाज ऐकायचाच आहे, निदान करायचंच आहे, पास व्हायला लागतात तेवढेच मार्क मिळवायचे आहेत. ती मागते आहे ती सोय. चष्मा लावून टाके घालणाऱ्या सर्जनला आपण 'सवलतीतला डॉक्टर' म्हणतो का? उंची कमी पडते म्हणून पायाखाली स्टूल घेणाऱ्याला? मग कानातलं यंत्र आणि हातातला स्टेथोस्कोप यांनीच कुणाचं काय घोडं मारलंय?

आणि कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'वाजवी सोय' नाकारणं हाच भेदभाव धरला आहे. म्हणजे "बघू, समिती बसेल, मग ठरवू" असं म्हणत वर्ष ढकलणारा माणूस उपकार करायला उशीर करत नसतो, तो हक्क नाकारत असतो. फरक लक्षात घ्या.

आता नियमांची गंमत बघा. याच कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, पण त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं. दुसरीकडे वैद्यकीय प्रवेशाच्या २०१९ च्या नियमात लिहिलेलं, की बोलण्याचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर एमबीबीएसला अपात्र! म्हणजे ४० च्या खाली असाल तर राखीव जागा नाही, आणि वर असाल तर कॉलेजच नाही. पान वाढलंय, पण हात लावायचा नाही. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला हेच सांगून परत पाठवलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयात लगेच दिलासा मिळाला नाही, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. वैद्यकीय मंडळाने तपासलं आणि सांगितलं, हा मुलगा शिकू शकतो. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की नुसता टक्का बघून कुणाला बाद करायचं नाही. तो माणूस काय करू शकतो ते तपासायचं. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ ला 'दोन्ही हात शाबूत हवेत' ही अटही न्यायालयाने मोडीत काढली.

निकाल छानच. पण प्रत्येक पोराने दिल्लीपर्यंत जायचं का? २०२१ ची नीट आठवा. नीट लिहिता न येण्याची अडचण, म्हणजे डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला एक तास जादा मिळायला हवा होता. मुंबईतल्या केंद्रावर तिचा पेपर इतरांबरोबरच काढून घेतला. न्यायालयाने चूक मान्य केली, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. वेळेवर न मिळालेली सोय नंतर कागदावर मिळून काय उपयोग?

"पण पेशंटच्या जिवाचं काय?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खोटा नाही. जिवाशी खेळ कुणालाच नको. मग तपासा ना! योग्य उपकरण हातात देऊन तपासा. उपकरण नाकारायचं आणि मग "हिला ऐकू येत नाही" म्हणायचं, ही कुठली परीक्षा? डॉ. सुरेश अडवाणींना लहानपणी पोलिओ झाला. व्हीलचेअरवरच्या या मुलाला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने आधी प्रवेश नाकारला होता. पुढे याच माणसाने टाटा रुग्णालयात बोन मॅरो प्रत्यारोपणाचं काम उभं केलं आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळवलं. तो नकार टिकला असता तर नुकसान कुणाचं झालं असतं? पेशंटचंच.

आता आपल्या भागाचं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यात आपलं बुलढाणा आहे. राजूर घाट चढला की कॉलेज! त्याच महिन्यात, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका निकालात सांगितलं, की दिव्यांग विद्यार्थ्यांना लागणाऱ्या सोयींसाठी संस्थांमध्ये स्वतंत्र कक्ष असावा आणि त्याची माहिती पुस्तिकेत छापावी. नव्या कॉलेजला हे पहिल्यापासून करता येतं. रॅम्प मागाहून ठोकायला लागू नये, आणि कुणाकडे अर्ज करायचा हे विद्यार्थ्याला शिपायाला विचारायला लागू नये.

आणि शेवटी काका, मामा, आत्या, तुमच्यासाठी. कॉलेजचं उत्तर वाईट आहेच, पण "सांगू नको" हे त्याहून वाईट. कॉलेजशी कायद्याने भांडता येतं. घरच्यांशी कुठल्या कोर्टात भांडायचं? लपवलेल्या गोष्टीसाठी सोय मागता येत नाही, आणि सोय नसताना पोरगी नापास झाली तर "बघा, झेपलं नाही" म्हणायला तुम्हीच पुढे असाल. स्थळं बघताना अडचण येईल, ही तुमची खरी काळजी मला कळते. पण जे घर कानातलं यंत्र बघून उठून जाईल, ते गेलेलंच बरं.

तिने दुसरा अर्ज लिहिलाय. या वेळी त्यात कायद्याचं कलम आहे, आणि 'कृपया' एकदाच. तिच्यासोबत ऑफिसात जायला घरातलं कोण येणार, तेवढं कळवा.