सोलर बसवताय? आधी सावली मोजा
छतावरच्या सोलर पॅनलमधला प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनचा एक डायोडच. ऊन पडले की त्यात इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि साधारण अर्धा व्होल्ट दाब तयार होतो. असे अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून पाण्याच्या टाकीची सावली एका सेलवर पडली, तरी सोबतच्या सेलचा प्रवाह अडतो. सावलीतला सेल वीज देण्याऐवजी खातो आणि तापतो. बायपास डायोड प्रवाहाला पर्यायी वाट देतो, पण तेवढ्या भागाची वीज बुडतेच. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणून नुसते किलोवॉट आणि किंमत बघून सही करू नका. दिवसभरात सावली कुठे फिरते, हे ठेकेदाराकडून लेखी घ्या. हिवाळ्यात सावल्या लांबतात, तेही त्यात हवे.